रिकाम्या स्लॉटची गोष्ट

वाकडहून भोसरी तशी लांब नाही, पण शनिवारच्या ट्रॅफिकमध्ये विचार करायला भरपूर वेळ मिळतो. मित्राचं तिथे छोटं वर्कशॉप आहे. अकाउंट्सच्या पीसीतून व्हायरस शिरला आणि दोन सीएनसी मशीन्स दीड दिवस बंद. माल वेळेत गेला नाही, पार्टीची बोलणी खावी लागली. "मशीन्सचं नेटवर्क वेगळं करून दे, फक्त नवीन डबा घ्यायला लावू नकोस," एवढीच त्याची अट. डबा म्हणजे सिस्को १८४१ राउटर. पोर्ट दोनच: एक मोडेमला, एक ऑफिसच्या साध्या स्विचला. तिसरा कुठून आणायचा?

आता दोनच का, यासाठी थोडं मागे जावं लागतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. त्या काळात राउटर म्हणजे गावाची वेस. आत एकच नेटवर्क, बाहेर मात्र कुठे लीज्ड लाइन, कुठे आयएसडीएन. आतलं ठरलेलं, बाहेरचं गिऱ्हाईकागणिक वेगळं. म्हणून स्लॉट ठेवले ते मुख्यतः बाहेरच्या तारांसाठी. १९९८ च्या सुमाराच्या सिस्को २६१० ला इथरनेटचा पोर्ट एकच, तोही १० मेगाबिटचा. पण कार्डांसाठी दोन छोटे स्लॉट आणि एक मोठा! ६४ केबीपीएसच्या लाइनीला १० मेगाबिट म्हणजे चैनच की. व्ही.३५ ची ती जाडजूड केबल ज्यांनी ओढलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२००४ मध्ये १८४१ आला. पुढे बाहेरची तारसुद्धा इथरनेटच होत गेली, आणि लोक स्लॉट आतल्या कामासाठी वापरू लागले. त्यासाठी चार पोर्टचं एचडब्ल्यूआयसी-४ईएसडब्ल्यू कार्ड मिळतं. आम्हाला सेकंडहँड मिळालं. (२६१० च्या स्लॉटमध्ये हे चालत नाही, घेण्याआधी बघा. आणि राउटर बंद करूनच बसवा.)

बसवलं, नव्या पोर्टला आयपी ॲड्रेस द्यायला गेलो... राउटरचा साफ नकार! मला आधी कार्डच खराब वाटलं. पण ईएसडब्ल्यू म्हणजे इथरनेट स्विच. हे चार पोर्ट राउटरचे नाहीतच, राउटरच्या पोटात बसवलेला तो छोटा स्विच आहे. पत्ता द्यायचा तो व्हीलॅनला. राउटरचे खरे पोर्ट हवे असतील तर एचडब्ल्यूआयसी-२एफई हे वेगळं कार्ड लागतं. असो. व्हीलॅन २० केला, चारही पोर्ट त्यात टाकले, पत्ता दिला. संपलं?

कुठलं काय. ऑफिसच्या पीसीवरून पिंग मारला तर मशीनने लगेच उत्तर दिलं. राउटरचं कामच मुळी दोन नेटवर्क जोडणं. ॲक्सेस लिस्ट लिहिली तेव्हा कुठे वाट बंद झाली. मित्राला पिंगच्या आधीच काम झाल्यासारखं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

अजून एक. व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या व्हीलॅन.डॅट फाइलमध्ये असते. नुसत्या कॉन्फिगचा बॅकअप घेऊन निर्धास्त राहू नका.

सिस्कोने या मॉडेलचा सपोर्ट कधीच थांबवलाय, त्यामुळे तो थेट इंटरनेटच्या तोंडावर ठेवणं मला पटत नाही. पैसे जमले की पुढे नवीन डबा आणि मागे हा, असं ठरलंय. दुसऱ्या स्लॉटमध्ये लीज्ड लाइनच्या काळातलं सिरीयल कार्ड अजून तसंच आहे. काढणार होतो, पण झाकायला लागणारा पत्रा सापडेना.