पितळी हायड्रोमीटर आणि अबकारीचा हिशेब

तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतका द्रव बाजूला सारते, या आर्किमिडीजच्या तत्त्वावर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारे उपकरण, चालते. द्रव जितका हलका, तितके ते खोल बुडते. पाचव्या शतकाच्या आरंभी सायनेसियसने अलेक्झांड्रियाच्या विदुषी हायपेशियाला लिहिलेल्या पत्रात अशा खुणांच्या नळीचे वर्णन आढळते, आणि रॉबर्ट बॉइलने १६७५ साली तेच तत्त्व खोटी नाणी ओळखण्यासाठी सुचवले. तथापि या उपकरणाला कायद्याचे बळ मिळाले ते विद्वानांच्या कुतूहलातून नव्हे, तर ब्रिटिश अबकारी खात्याच्या गरजेतून.

मद्यावरील कर त्याच्या कडकपणानुसार घ्यायचा, तर तो वादातीतपणे मोजता आला पाहिजे. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची आणि ती पेटली तर मद्य ‘प्रूफ’, म्हणजे कसोटीला उतरलेले, मानायचे ही जुनी रीत होती; परंतु निकाल मद्यावर जितका, तितकाच बंदुकीच्या दारूवर अवलंबून असल्याने तिच्यावर महसूल टेकवणे धाडसाचेच होते. १७८७ च्या कायद्याने क्लार्कचे हायड्रोमीटर मान्य झाले, आणि १८१६ च्या कायद्याने त्याची जागा बार्थोलोम्यू साइक्सच्या हायड्रोमीटरने घेतली. पितळी गोळा, त्यावर दहा मुख्य भागांची चपटी दांडी आणि खालच्या काडीत अडकवायची १० ते ९० अशा अंकांची नऊ वजने, असे त्याचे स्वरूप होते. उष्णतेने मद्य प्रसरण पावून हलके होते, म्हणून सोबत तापमापक आणि कोष्टकेही लागत. या पद्धतीचे निम्मे श्रेय खरे तर त्या रुक्ष कोष्टकांना द्यावे लागेल. ५१ अंश फॅरनहाइटला तेवढ्याच आकारमानाच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या १२/१३ वजन भरणारे मद्य ते प्रूफ, अशी नवी व्याख्या ठरली. त्यात आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल असते.

ब्रिटिश अमलाबरोबर हे माप मुंबई इलाख्यात आले आणि १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतरच्या व्यवस्थेत मोहाची दारूही ‘२५ अंडर प्रूफ’ किंवा ‘६० अंडर प्रूफ’ अशा ठरावीक कडकपणाची विकली जाऊ लागली. २५ अंडर प्रूफ म्हणजे प्रूफपेक्षा २५ टक्क्यांनी सौम्य. ब्रिटनने १९८० साली ही मोजपट्टी सोडून दिली. महाराष्ट्रात मात्र उत्पादन शुल्क आजही ‘प्रूफ लिटर’च्या हिशेबाने आकारले जाते, आणि भारतीय बाटल्यांवर छापलेला ४२.८ टक्के हा वरवर विचित्र वाटणारा आकडा म्हणजे ५७.१ चे पाऊण होय.