नऊ हजार ओळी आणि एक झेरॉक्स

शनिवारची दुपार. बाहेर मुसळधार पाऊस, रूममेट गावाला गेलेला. आणि मी लॅपटॉपवर युनिक्सची सहावी आवृत्ती उघडून बसलोय. म्हणजे चक्क १९७५ सालचा कोड! हसू नका, कारण आहे.

थर्ड इयरला आम्हाला 'सिस्टिम प्रोग्रॅमिंग' होतं. टू-पास असेंब्लर कागदावर चालवायचा, सिंबॉल टेबल आणि लिटरल टेबल पट्टीने आखून भरायचे, मागच्या बॅचचं जर्नल उतरवायचं आणि सबमिशनच्या दिवशी सही घ्यायला रांगेत उभं राहायचं. मार्क बरे पडले. पण चार वर्षांत खऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं एक पान तरी वाचलं का? छे! पोहण्याच्या परीक्षेत पाण्याचं रेणुसूत्र लिहून पास झाल्यासारखं वाटतं आता.

तर अशाच विषयाचा एक मास्तर होता, जॉन लायन्स. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवायचा. जुलै १९७४ मध्ये रिची आणि थॉम्प्सन यांचा युनिक्सवरचा पेपर छापून आला. तो वाचून या विद्यापीठाने बेल लॅब्सकडून युनिक्स मागवलं. लायन्सच्या डोक्यात आलं की पोरांना ऑपरेटिंग सिस्टिम 'बद्दल' कशाला शिकवायचं? ऑपरेटिंग सिस्टिमच वाचायला देऊ की! पीडीपी-११/४० वर चालणाऱ्या युनिक्सचा गाभा होता जेमतेम नऊ हजार ओळींचा. एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढा.

१९७६ साली त्याने वर्गासाठी नोट्स काढल्या, १९७७ मध्ये त्या सुधारल्या. एका पुस्तकात सगळा कोड, दुसऱ्यात त्यावरचं भाष्य. (आपल्याकडे ज्ञानेश्वरीची सार्थ आवृत्ती असते ना, तसंच काहीसं.) ओळींना चार आकडी नंबर दिले, पहिले दोन आकडे शीटचे. कोड वाचायला सोपा जाईल अशा क्रमाने लावला. बास. यात कुठलीही थोर थिअरी नाही. 'ही ओळ बघा, आता ती बघा' असं बोट धरून फिरवणं आहे.

त्यातली ओळ २२३८ जगप्रसिद्ध आहे. एका प्रोसेसकडून प्रोसेसर काढून दुसरीला देणारं 'स्विच' नावाचं फंक्शन आहे, त्यात 'हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही' अशा अर्थाची कॉमेंट आहे. वर्षानुवर्षं लोकांना वाटत आलं की हा रिचीचा माज! रिचीने नंतर खुलासा केला, की त्याचा अर्थ साधा होता: हे परीक्षेला येणार नाही. आणि खरी गंमत पुढेच. त्यानेच कबूल केलं की आम्हालाही ते नीट कळलं नव्हतं. एका फंक्शनमध्ये साठवलेली स्थिती वापरून भलत्याच फंक्शनमधून परतायचं, ही युक्ती पीडीपी-११ च्या कंपायलरमुळे चालून जात होती. इंटरडेटा ८/३२ या मशीनवर युनिक्स न्यायला घेतलं तेव्हा ती चालेना, मग बदलावी लागली. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्यालाच कळत नाही असं नाही तर!

आता दुःखाचा भाग. १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि एटी अँड टीने लायसन्समध्येच लिहून टाकलं की हा कोड वर्गात शिकवायचा नाही. धंद्याची गुपितं ना! लायन्सची पुस्तकं तशीही लायसन्स असलेल्यांनाच मिळायची. मग काय, झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स. तिची पुन्हा झेरॉक्स, अक्षरं फिकी होईपर्यंत. इंजिनिअरिंगच्या पोरांना हा प्रकार समजावून सांगायची गरज नसावी.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम हात चोळत बसला नाही. शिकवायला कोड नाही ना, मग मीच लिहितो, म्हणून त्याने मिनिक्स लिहिलं आणि १९८७ मध्ये पुस्तकात छापलं. १९९१ मध्ये हेलसिंकीतला एक विद्यार्थी मिनिक्स वापरता वापरता स्वतःचं काहीतरी लिहायला लागला. त्याचं पुढे काय झालं ते तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडला विचारा.

लायन्सचं पुस्तक उघडपणे छापलं गेलं ते थेट १९९६ मध्ये. डिसेंबर १९९८ मध्ये लायन्स गेला. म्हणजे आपलं पुस्तक रीतसर दुकानात असलेलं त्याला जेमतेम दोन वर्षं बघायला मिळालं. चोरून वाचणारे मात्र तोवर जगभर झाले होते.

एमआयटीने २००२ मध्ये हेच पुस्तक आणि हाच जुना कोड वर्गात लावला. पण पोरं कुरकुरायला लागली, असलं मशीन आता आहे कुठे? मग २००६ मध्ये तिथल्या मास्तरांनी तोच साचा ठेवून नव्या प्रोसेसरसाठी एक्सव्ही६ लिहिलं. आयआयटी मुंबईतही ते शिकवलं गेलंय. म्हणजे आमच्यापासून एक्सप्रेस-वेने तीन तासांवर! आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आम्हीही विचारलं नाही म्हणा.

एक्सव्ही६ सोपं पडेल हे माहीत असूनही मी जुनंच उघडलंय. सकाळपासून बावीस नंबरच्या शीटवर अडकलोय. ती प्रसिद्ध कॉमेंट समोर आहे आणि तिच्या खालची ओळ अजून डोक्यावरूनच जातेय. चहा टाकतो आणि परत बसतो.