हिवाळी ओढ्याचे गाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस विल्टशायर परगण्यात बुश्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. नकाशावर ते सहजी सापडत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाने मात्र ते आवर्जून शोधावे, कारण 'ख्रिस्तपुराण'कर्ते येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास तेथे झाला. संघाच्या जुन्या लॅटिन नोंदींत गावाचे नाव थोडे निराळे आढळते. तथापि ते गाव बुश्टनच होय, हे अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे मान्य केले आहे.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या अखेरीस त्या परिसरात दोन दिवस पायी हिंडण्याचा योग मला आला. एखादे भव्य स्मारक पाहावे अशी अपेक्षा नव्हती. ज्या मातीवर ते बालक रांगले ती माती आणि तेथले पाणी पाहावे, एवढाच हेतू होता. इंग्लंडमध्ये शेतांमधून जाणाऱ्या जुन्या पायवाटांवरून चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना दिलेला आहे. त्यामुळे परक्या माणसालाही कुणाची परवानगी न मागता कुंपणाच्या कडेकडेने गावोगाव जाता येते.

विल्टशायरचे लोक आपल्या परगण्याचे दोन भाग सांगतात, खडूचा मुलूख आणि चीजचा मुलूख. खडूच्या उंच, उघड्या माळांवर मेंढ्या आणि गहू. खालच्या चिकण मातीच्या सखल भागात गाईगुरे, दूध आणि चीज. बुश्टन या दोहोंच्या सीमेजवळ, सखल भागात वसले आहे. त्याच्या दक्षिणेस खडूच्या टेकड्यांचा लांबच लांब कडा उभा आहे आणि कड्याच्या पायथ्याशी क्लिफ पायपर्ड हे गाव आहे. तेथे संत पेत्राच्या नावाचे मध्ययुगीन चर्च आहे. बुश्टन त्याच धर्मग्रामातले, तेव्हा बालक थॉमसचा बाप्तिस्मा तेथेच झाला असावा असे मानण्यास जागा आहे.

कडा चढून माथ्यावर उभे राहिले की त्या प्रदेशाचे मर्म ध्यानी येते. माथ्याच्या उत्तरेस पडलेला पाऊस ओढ्यांवाटे एव्हन नदीला मिळतो आणि बाथ, ब्रिस्टल करीत पश्चिमेच्या समुद्राला जातो. दक्षिणेस पडलेला पाऊस खडूत मुरून केनेट नदीत उतरतो, रेडिंगजवळ थेम्सला मिळतो आणि लंडनवरून पूर्वेच्या समुद्राला जातो. एकाच ढगाचे पाणी, पण हातभर अंतराने दोन दिशांना गेलेले! त्या माथ्यावर उभा असताना मला सोळाव्या शतकातील इंग्लंडची आठवण झाली. तेथेही एकाच घरातली माणसे अशीच दोन दिशांना गेली होती.

स्टीफन्स यांच्या जन्माच्या सुमारासच, ९ जून १५४९ रोजी, पेंटेकॉस्टच्या सणाला, लॅटिन मिस्सा बंद करून इंग्रजी प्रार्थनाग्रंथ देशभर सक्तीचा करण्यात आला. डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये लोकांनी बंड केले. आमच्यापैकी कित्येकांना इंग्रजी समजत नाही, अशी कॉर्नवॉलच्या लोकांची एक तक्रार होती. १५५९ च्या कायद्याने नव्या उपासनेस गैरहजर राहणाऱ्यास प्रत्येक वेळी १२ पेन्स दंड ठरला. १५८१ मध्ये तो महिन्याला २० पौंड झाला आणि १५८५ मध्ये परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने देशात पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला.

तरुण स्टीफन्स काही काळ थॉमस पाउंड नावाच्या कॅथलिक गृहस्थाचा नोकर म्हणून वेषांतर करून त्याच्याबरोबर हिंडत होते. दोघांनी रोमला जाण्याचे ठरवले. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची पुढली सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच निसटले. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. थोड्याच दिवसांत त्यांनी लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना दीर्घ पत्र लिहून वाऱ्यांचे, उडणाऱ्या माशांचे आणि आफ्रिकेच्या टोकाचे वर्णन कळवले. खडूच्या कड्याखालच्या ओढ्याकाठी जन्मलेल्या मुलाने वडिलांना महासागर समजावून सांगावा, यातली माया मनाला भिडते. ते इंग्लंडला पुन्हा कधीही परतले नाहीत. १६१९ मध्ये गोव्यातच ते ख्रिस्तवासी झाले.

माझ्या भटकंतीच्या दुसऱ्या दिवशी मी माथा ओलांडून दक्षिणेस आठ-दहा किलोमीटरवरील एव्हबरी गावी गेलो. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या प्रचंड शिळांचे वर्तुळ तेथे आहे. नकाशावर गावाच्या बाजूने निळी रेघ होती आणि तिच्यावर विंटरबोर्न असे नाव होते. प्रत्यक्षात तेथे पाण्याचा थेंब नव्हता. कोरड्या पात्रात गवत माजले होते. "ओढा मेला वाटते," असे मी एका वृद्ध शेतकऱ्यास म्हणालो. तो हसला. "मेला नाही, खाली गेला आहे. फेब्रुवारीत या."

विंटरबोर्न म्हणजे हिवाळी ओढा. खडू स्पंजासारखा पाणी शोषतो. उन्हाळ्यात जमिनीखालची पाणपातळी उतरते आणि ओढा आटतो. पावसाळी हिवाळ्यात ती पातळी हळूहळू वर चढते आणि एके दिवशी कोरड्या पात्रात पाणी पुन्हा खळाळू लागते. ओढा दिसत नसतो तेव्हाही पाणी असतेच.

इंग्लंडमधील कॅथलिक श्रद्धेचा इतिहास याहून निराळा नाही. याच परगण्याच्या दक्षिण भागात वॉर्डर येथे अरंडेल घराण्याने ती श्रद्धा पिढ्यान् पिढ्या जपली आणि कायद्याची बंधने सैल होण्यापूर्वीच, १७७६ मध्ये, आपल्या वाड्यात भव्य प्रार्थनामंदिर उघडले. पुढे १७७८ आणि १७९१ च्या कायद्यांनी थोडी मोकळीक आली, १८२९ मध्ये कॅथलिकांना नागरी हक्क मिळाले आणि १८५० मध्ये बिशपांची पीठे पुन्हा स्थापन झाली. २९ मे १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि अँग्लिकन आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी कँटरबरी येथे शेजारी गुडघे टेकून प्रार्थना केली.

माथ्यावर दुभंगलेले ते पाणीही माणसांनी जोडले आहे, हे मला परतीच्या वाटेवर कळले. १८१० मध्ये पुरा झालेला केनेट-एव्हन जलमार्ग रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत ८७ मैल जातो. डिव्हायझेस येथे होड्यांना चढ चढवण्यासाठी दरवाजे लावलेले २९ हौद एकापुढे एक बांधले आहेत. एका हौदात होडी शिरते, दरवाजा बंद होतो, पाणी भरले की होडी वर उचलली जाते आणि पुढच्या हौदात जाते. रेल्वे आल्यावर हा कालवा ओस पडला. स्वयंसेवकांनी अनेक वर्षे गाळ उपसला, दरवाजे दुरुस्त केले आणि १९९० मध्ये राणी दुसरी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. पाणी आपणहून दुभंगते, जोडण्यास मात्र श्रम लागतात.

येथे एक अवघड गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धर्माच्या सक्तीमुळे मायदेशास मुकलेले स्टीफन्स ज्या साष्टीत आले, तेथेही राजसत्तेची सक्ती होती. फक्त तेथे सत्ता आपल्या बाजूची होती. पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली होती, आणि नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांची जुनी पुराणे वाचण्यास मनाई होती. हे पाप इतिहासातून पुसता येणार नाही. पण त्या काळोखात स्टीफन्स यांनी लोकांची भाषा हिरावून घेतली नाही, ते स्वतः ती शिकले. पुराण गेले म्हणून पोरक्या झालेल्या माणसांसाठी त्यांनी ओवीतच, सुमारे ११ हजार ओव्यांचे, तारणाचे पुराण रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. इंग्लंडमध्ये प्रार्थनेची भाषा वरून लादली गेली होती. येथे एका परक्या माणसाने ती खालून, लोकांच्या तोंडून उचलली.

'ख्रिस्तपुराण'ही पुढे हिवाळी ओढा झाले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. १६८४ मध्ये गोव्यातील सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. अडीचशे वर्षे ते कुठे होते? हस्तलिखितांत आणि गाणाऱ्यांच्या कंठात. १९०७ मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले.

मी परत आलो तेव्हा आमच्या धर्मग्रामात प्रथम ख्रिस्तप्रसादाचा वर्ग चालू होता. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना मी मुलांना म्हणावयास सांगितली. दोन-चार ओळींनंतर बहुतेकांचा आवाज विरला. इंग्रजीत म्हणा म्हटल्यावर सर्वांनी ती अस्खलित म्हटली. मुलांना दोष कसा द्यावा? त्यांच्या भविष्यासाठी आईवडिलांनी जे योग्य वाटले ते केले, आणि इंग्रजी शिकू नये असे मीही म्हणणार नाही. परंतु मनात आल्यावाचून राहिले नाही की एका इंग्रज मुलाने आपले गाव, आपली भाषा, आपला बाप मागे सोडला तो आपल्या भाषेत देवाशी बोलण्यासाठी, आणि आपण ती भाषा घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने तीच प्रार्थना मराठीत शेवटपर्यंत म्हटली. कोणी शिकवली, असे विचारता ती म्हणाली, "आजी रोज रात्री म्हणते, मी ऐकते."

पाणी खाली आहे. गाळ मात्र आपल्यालाच उपसावा लागेल.