फास गुन्हेगार, बंदूक रुबाबदार : शिकारीचे नियम करताना विचारले कुणाला?

वन हक्क कायदा, 2006 हा जंगलातल्या माणसावर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करण्यासाठी केला, असे त्या कायद्याच्या उद्देशिकेतच लिहिले आहे. आपण शिबिरांत तो शिकवतो आणि शिकवलाच पाहिजे. पण शिकवताना कलम 3 च्या पहिल्या पोटकलमाचा शेवटून दुसरा खंड आपण भरभर वाचून पुढे जातो. तो खंड म्हणतो की वर न सांगितलेले इतर सर्व पारंपरिक हक्कही मान्य आहेत. मात्र शिकार करण्याचा, फासे लावून प्राणी पकडण्याचा आणि प्राण्याच्या शरीराचा भाग काढण्याचा पारंपरिक हक्क त्यातून वगळला आहे. म्हणजे अन्याय दूर करणाऱ्या कायद्यानेच एका ओळीत एका अख्ख्या जमातीची हजार वर्षांची उपजीविका बाहेर ठेवली. त्या जमातीचे नावच फासावरून पडले आहे. फासेपारधी.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, म्हणजे कुणी विनाकारण अंगावर यायला नको. वाघ मारू द्या, माळढोक मारू द्या, असे आम्ही म्हणत नाही. जे पक्षी-प्राणी संपत आले त्यांची शिकार बंद झालीच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. नियम कुणी केले, करताना कुणाला विचारले, आणि ज्याचे ताट त्या नियमाने पालथे झाले त्याला बोलायला जागा होती का? या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करणारी अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येत नव्हते. कायद्यातच तशी तरतूद होती. हरकत घेण्याची सोय नाही, सुनावणी नाही, दाद नाही. सात वर्षांनी, 1878 मध्ये, वन कायदा आला. राखीव जंगलात सरकारी नियम मोडून शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे, सापळे किंवा फासे लावणे गुन्हा ठरले. 1927 च्या वन कायद्यात ही तरतूद जवळपास तशीच आली आणि ती आजही लागू आहे. एका कायद्याने माणूस गुन्हेगार केला, दुसऱ्याने त्याचे हत्यार.

1878 च्या कायद्यावर त्या काळी चर्चाच झाली नाही, असे मात्र नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारच्या मक्तेदारीला विरोध केला होता. पुढे ठाणे-कुलाब्यातल्या जंगलाच्या तक्रारींसाठी 1885 मध्ये मुंबई सरकारने वन आयोगही नेमला. म्हणजे ज्याला अर्ज लिहिता येत होता, ज्याची सभा होती, ज्याचा वकील होता, त्याचे म्हणणे निदान कागदावर तरी गेले. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर जो कोरडा ओढला तो मात्र अर्ज-विनंतीच्या भाषेत नव्हता. डोंगर, पडीक रान, चराऊ कुरण सगळे खात्याच्या घशात गेले आणि गरिबाच्या शेळ्या-मेंढ्यांना उभे राहायला जागा उरली नाही, हे त्यांनी सांगितले. आज ज्यांना पर्यावरण हा वरच्या वर्गाचा विषय वाटतो त्यांनी ‘असूड’ पुन्हा काढून वाचावा.

आता दोन सालांकडे एकत्र बघा. 1911 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा नव्याने करून मुंबई इलाख्यासह देशभर लागू करण्याजोगा केला गेला. लगेच 1912 मध्ये वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा आला. त्याच्या अनुसूचीत कोण होते? माळढोक, तणमोर, तित्तर, लावा, मोर, कबुतर. हरीण, काळवीट, ससा. फासेपारधी जे जे पकडून विकत आणि खात, ते जवळजवळ सगळे त्यात आले. विणीच्या हंगामात ते धरणे बंद. यात अक्कल होती, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच अनुसूचीत वाघ नव्हता. वाघ मारला तर सरकार बक्षीस देत होते, आणि वाघाच्या छाताडावर बूट ठेवून फोटो काढण्याचा मान साहेबाचा आणि संस्थानिकाचा होता. जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडून परवाने दिले जात. पारध्याच्या हातात घोड्याच्या केसांचा नाहीतर तातीचा फास. तो हजेरीच्या वहीत. साहेबाच्या हातात रायफल, तो ‘स्पोर्ट्समन’.

इथे शाहू महाराजांचे नाव निघणारच. महाराज स्वतः मोठे शिकारी होते, चित्ते बाळगत, आणि आजचे राधानगरी अभयारण्य हे त्यांचे शिकारीचे रान होते. ते लपवायचे कारण नाही. पण याच राजाने गुन्हेगार म्हटल्या गेलेल्या जातींची हजेरी 1918 मध्ये बंद केली आणि फासेपारध्यांना पोटाला लावले, विश्वासाच्या नोकऱ्या दिल्या. पारध्याचे कसब त्याने गुन्हा मानले नाही. बाकीच्या संस्थानिकांनी पारध्यांकडून चित्ते शिकवून घेतले, शिकार घडवून घेतली आणि नंतर त्यांना वाऱ्यावर सोडले. हा फरक आपण विसरता कामा नये.

स्वातंत्र्य आले. मुंबई राज्यात 1949 मध्ये आणि देशात 1952 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा गेला. सोलापूरच्या सेटलमेंटची तार निघाली. 1959 मध्ये मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा आला आणि पोलिसाची नजर होती तिथेच राहिली. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये 1936 सालीच हिंदू समाजाला विचारले होते की तुमच्या हजारो वर्षांच्या संस्कृतीत ही कोट्यवधी माणसे रानटी अवस्थेत आणि जन्मजात गुन्हेगार म्हणून का राहिली, आणि तुम्हाला त्याची लाज कशी वाटत नाही? 1948 च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत त्यांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांना एकाच दमात मोजले. पारध्यांचा प्रश्न आपला नाही, असे म्हणणाऱ्या आंबेडकरी कार्यकर्त्याने ही प्रस्तावना वाचलेली नसते.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा हा या गोष्टीतला मुख्य टप्पा. तो संसदेने केला तो अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून मागितल्यावर. आमदारांना विचारले गेले, खासदारांना विचारले गेले. मूळ कायद्यात शिकार पूर्ण बंद नव्हती, हे अनेकांना माहीतच नसते. मोठ्या शिकारीचा परवाना होता, छोट्या शिकारीचा होता, आणि वन्य प्राणी फाशात पकडण्याचाही परवाना होता. पण परवाना घ्यायचा तर अर्ज, फी, पत्ता, ओळख हवी. पालावर राहणाऱ्याचा पत्ता काय? 1991 च्या दुरुस्तीने परवान्यांची ही सगळी पद्धतच काढून टाकली. देशभर एका समूहाचा शिकारीचा हक्क मात्र कायद्याने जपला आहे. कलम 65 प्रमाणे निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा. म्हणजे सरकारला एखाद्या जमातीची शिकार ही तिची जगण्याची रीत आहे, हे समजत नाही असे नाही. समुद्रापलीकडे समजते, सोलापूर-वाशीमच्या माळावर समजत नाही.

अभयारण्य करताना लोकांना विचारण्याची तरतूद याच कायद्यात आहे. कलम 21 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने त्या भागातल्या प्रत्येक गावात प्रादेशिक भाषेत उद्घोषणा काढायची. ज्याचा हक्क असेल त्याने दोन महिन्यांत ठरलेल्या नमुन्यात लेखी दावा करायचा. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात किती राज्यांनी हे केले? 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले की उद्घोषणा काढा आणि हक्कांची चौकशी वर्षभरात संपवा. पंचवीस वर्षे अभयारण्ये चालली आणि हक्कांचा निकाल लागलाच नव्हता. त्यात भर म्हणजे राखीव जंगलाचे अभयारण्य करायचे असेल तर ही चौकशी नव्याने करायची गरज नाही. कारण हक्क इंग्रजांनी राखीव जंगल करताना ‘निकाली’ काढलेले असतात! 1878 च्या कायद्याखाली जो बोलू शकला नाही, त्याच्या पणतूचे तोंडही तिथेच बंद.

सोलापूर-नगरच्या माळढोक अभयारण्याचे उदाहरण घ्या. 1979 मध्ये तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. तालुकेच्या तालुके, शेते, गावे, शहरे सगळे आत. खासगी जमिनींचे व्यवहार अडकले, बांधकामे अडकली, आरडाओरड झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आले. जमीनवाल्याकडे सातबारा होता, म्हणून त्याची अडचण मोजता आली. त्याच माळावर तित्तर-लावा धरणाऱ्या पारध्याच्या नावावर कुठलाही गट नंबर नव्हता. त्याचा माळ गेला याची नोंद कुठल्या रजिस्टरला करायची? माळढोकही वाचला नाही. आज नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. पक्ष्याचे गवत नांगराने, उसाने, कारखान्याने, तारेच्या कुंपणाने खाल्ले. पकडला गेला तो फासवाला.

याला दुसरी बाजू आहे, ती टाळून चालणार नाही. वाघांच्या तस्करीत पारधी आणि बहेलिया टोळ्या सापडल्या आहेत, विदर्भातही सापडल्या आहेत. 2004-05 मध्ये सारिस्कातले वाघ संपले, तेव्हा देशाला हे कळले. पण त्या धंद्यात लोखंडी सापळा लावणाऱ्याच्या हाती काय पडते आणि दिल्लीत बसून कातडी-हाडे बाहेर पाठवणाऱ्याच्या हाती काय पडते, हेही बघा. कसब गरिबाचे, बाजार दुसऱ्याचा, तुरुंग गरिबाचा. टोळीतला गुन्हेगार पकडा, त्याला शिक्षा द्या. पण त्याच्या नावाने अख्खा तांडा उचलणे म्हणजे 1871 चा कायदा मागच्या दाराने चालवणे आहे. आणि नोव्हेंबर 2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारायची वेळ आली, तेव्हा सरकारने बोलावले कुणाला? हैदराबादहून रायफलवाले खासगी शिकारी आले. माग काढण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या माणसांना सन्मानाने, पगार देऊन बोलवावे, असे कुणाच्या डोक्यात आले नाही.

दुसरीकडे काय चालते तेही पाहू. अमेरिकेत अलास्काच्या संरक्षित रानांसाठी 1980 मध्ये कायदा झाला. त्यात ग्रामीण रहिवाशांच्या, मूळनिवासींसह, पोटापुरत्या शिकारीला खेळाच्या शिकारीपेक्षा आधी हक्क दिला. त्यासाठी स्थानिकांच्या दहा प्रादेशिक सल्लागार परिषदा आहेत. तिथल्या राष्ट्रीय राखीव रानांतले शिकारीचे नियम 2015, 2020 आणि 2024 मध्ये बदलले. दर वेळी मसुदा जाहीर झाला, लोकांची मते मागवली. तिथेही बंदूकवाल्यांच्या संघटनांचा आवाज मोठा असतो आणि वॉशिंग्टनमधले सरकार बदलले की नियम फिरतो. पण फासे लावणाऱ्याला बैठकीत खुर्ची आहे. आपल्याकडे त्याला आरोपीचा पिंजरा आहे.

‘मग ग्रामसभेला विचारा’ असे आपले पुरोगामी मित्र म्हणतात. आम्हीही म्हणतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना काय सुनावले ते आपल्याला पाठ आहे. पारध्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. गावाबाहेर गायरानात पाल, मतदार यादीत नाव असेल-नसेल, चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर, आणि अनेक ठिकाणी त्याचे पाल उठवण्याचा ठराव त्याच ग्रामसभेचा! तीच ग्रामसभा त्याच्या हक्काची वकील कशी होणार? वन हक्क कायद्याने भटक्यांच्या हंगामी वापराचे हक्क मान्य केले आहेत. पण दावा ग्रामसभेतूनच जायचा. गाव ज्याला आपला मानत नाही, त्याची ग्रामसभा कुठली?

शिकार सोडायलाच हवी, तर ती कशी सोडायची याचा धडा आपल्या चळवळीत आहे. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. ऐकणारे त्यांचेच होते, परिषद त्यांची होती, निर्णय त्यांचा होता. दुसऱ्याच वर्षी, 1928 मध्ये, त्यांनी कायदेमंडळात वतनाचे विधेयक आणले. महाराने गावाची वेठ सोडावी, पण वतनाची जमीन त्याच्याकडे राहावी, सारा भरून त्याने ती कसावी. काम सोडा आणि जमीन घ्या, ही दोन्ही बोटे एकत्र होती. दादासाहेब गायकवाडांचा 1959 चा आणि 1964 चा भूमिहीनांचा सत्याग्रह याच सूत्रावर पडीक आणि वनजमिनी मागत होता. पारध्याला मात्र काम सोडायला लावले आणि जमीन कुणी दिली नाही. जिथे त्याला माळाशी जोडून घेतले तिथे काय होते, हे अकोला-वाशीम भागात दिसले आहे. तिथल्या फासेपारध्यांनी गवताची कुरणे राखून तणमोर वाचवण्याचे काम केले. तणमोर कुठे अंडी घालतो हे ज्याला फास लावण्यासाठी ठाऊक होते, त्यालाच तो राखता आला.

2022 च्या दुरुस्तीने कलम 33 मध्ये एक फट उघडली आहे. अनुसूचित क्षेत्रात किंवा वन हक्क कायदा लागू असलेल्या भागात अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करूनच करायचा आहे. आपापल्या जिल्ह्यातल्या अभयारण्याचा आराखडा कधी झाला, कुठल्या ग्रामसभांना विचारले, बैठकीला कोण हजर होते, ठराव मराठीत आहे का, हे माहितीच्या अधिकारात मागवता येते. अर्जात आणखी एक प्रश्न टाका : अभयारण्याच्या हद्दीजवळ पाल टाकून राहणाऱ्या, कुठल्याही गावात नाव नसलेल्या कुटुंबांना कुठे आणि कधी ऐकले? उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असेच येईल, तर तो कागद जपून ठेवा. पुढच्या आराखड्यावरच्या हरकतीला तो पहिला जोडायचा आहे, आणि ती हरकत पारध्यांच्या तांड्यावर बसून, त्यांच्या तोंडून, त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने लिहायची आहे.