दुधाचा खाडा आणि ॲप

आमच्या ऑफिसात सध्या एकच रडगाणं: लोक ॲप घेतात आणि आठवड्यात काढून टाकतात. परवा वणीला घरी गेलो, तर भिंतीवर कालनिर्णय! १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं. पंचांग सोपं करून भिंतीवर आणलं, सगळ्या धर्मांचे सण दिले, मागच्या पानांवर लेख अन् पाककृती. पण गडावरची चैत्री पौर्णिमेची यात्रा कधी, हे वर्षातून एकदाच बघायचं असतं. रोज लागतो तो तारखेचा चौकोन. आई त्यात दुधाचा खाडा लिहिते, सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते. म्हणजे बघा, डेटा सगळा युजरचा! आता कालनिर्णयचं ॲपही आहे. तिच्या फोनमध्ये मीच टाकून दिलं.

"छान आहे रे, पण खाडा कुठे लिहू?"