दोन तास चौदा मिनिटं

२२ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. पाकिस्तानच्या दूरसंचार प्राधिकरणाचा आदेश निघाला: यूट्यूब बंद करा. सोबत तीन पत्ते.

२४ फेब्रुवारी, रविवार रात्र (सर्व वेळा भारतीय). यूट्यूब आपला मार्ग जगाला सांगत होतं: २०८.६५.१५२.०/२२. तिरक्या रेघेपुढचा आकडा पत्त्यांचा गट केवढा ते सांगतो. २२ म्हणजे १,०२४ पत्ते, २४ म्हणजे २५६. दोन मार्ग समोर आले की राउटर लहान गटाचा, जास्त नेमका मार्ग घेतो. तो सांगणारा खरा मालक आहे का, हे तो स्वतःहून विचारत नाही.

१२.१७. पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ हा गट आपला म्हणून जाहीर केला. देशातली रहदारी अडवण्यासाठीची ही सोय सीमेबाहेर पडली. पण मोठा दोष मी पाकिस्तान टेलिकॉमला जगाशी जोडणाऱ्या वरच्या कंपनीला, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूला देईन. तिने ती घोषणा न तपासता जगभर पाठवली. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून आलेली गाडी थांबवून परवाना आणि आतला माल जुळतो का ते पाहतात. फिल्टरचं काम तेच: ग्राहकाच्या नावावरचे गट यादीत लिहायचे, बाकीचे परत पाठवायचे. यादीही काटेकोर लागते. नुसतं ‘/२२’ लिहिलं तर तेवढाच गट जुळतो. पुढे ‘एलई २४’ जोडलं की त्यातले /२४ पर्यंतचे सगळे लहान गटही चालतात. इथे यादीच लावलेली नव्हती. काही मिनिटांत जगाची यूट्यूबकडे जाणारी रहदारी पाकिस्तानकडे वळली.

१.३७. यूट्यूबने तोच /२४ स्वतः जाहीर केला. दोन्ही मार्ग आता सारखेच नेमके; अशा वेळी राउटर सहसा कमी टप्प्यांचा मार्ग धरतो. काही राउटर परतले, बाकीचे तिकडेच राहिले.

१.४८. यूट्यूबने त्याचे दोन /२५ केले, १२८-१२८ पत्त्यांचे. नियमाने हेच जिंकायला हवेत. पण अनेक कंपन्यांचे फिल्टर /२४ हून लहान गट घेतच नाहीत. जिथे फिल्टर होता, तिथे तो खऱ्या मालकालाच आडवा आला!

२.२१. पीसीसीडब्ल्यूमार्गे येणाऱ्या खोट्या मार्गात पाकिस्तान टेलिकॉमच्या जाळ्याचा क्रमांक दोनदा दिसू लागला. मार्ग लांबला, तसे आणखी राउटर परतले.

२.३१. पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमचे सगळे मार्ग मागे घेतले.

१६ एप्रिल २०२१. व्होडाफोन आयडियाच्या भारतातल्या जाळ्यातून तीस हजारांहून अधिक परके गट दहाएक मिनिटं आपले म्हणून जाहीर झाले. ग्राहकाची यादी तपासायची की नाही, हे तेरा वर्षांनंतरही वरच्या कंपनीच्या मर्जीवरच होतं.