मूळ यंत्र की नवी आवृत्ती?

जपानमध्ये डिसेंबर १९८७ मध्ये स्क्वेअर या कंपनीचा ‘फायनल फॅन्टसी’ हा खेळ निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्याने चार वीरांची भूमिका घ्यावी आणि दिवसेंदिवस प्रवास करीत राहावे, असे त्याचे स्वरूप. प्रवासाची नोंद टिकावी म्हणून कार्ट्रिजमध्ये एक लहानशी बॅटरी बसविलेली असे. ती संपली की नोंदही पुसली जाते. बॅटरी बदलता येते. गेलेली नोंद मात्र परत येत नाही.

या खेळात एक दोष राहून गेला होता. मांत्रिकाची ‘बुद्धी’ वाढल्याचे पडद्यावर दिसे. पण तिने मंत्रांचे बळ तिळमात्र वाढत नसे! पुढील काही आवृत्त्यांत हा दोष नाहीसा झाला. २०२१ मध्ये आलेल्या ‘पिक्सेल रीमास्टर’ आवृत्तीत चित्रे नव्याने रेखाटली गेली, संगीतही नव्याने बांधले गेले. २०२३ मध्ये गृहयंत्रांसाठी ती निघाली, तेव्हा मूळ संगीत निवडण्याची सोय तीत आली.

मग निवड कशाची करावी? कथेचा आस्वाद हवा असलेल्यास नवी आवृत्ती सुलभ व पुरेशी होय. परंतु १९८७ च्या खेळाडूंनी काय अनुभवले, हे जाणू इच्छिणाऱ्यास मूळ यंत्राकडेच वळावे लागते. शुद्ध केलेली प्रत वाचकाची सोय करते. मूळ प्रत साक्ष देते. केवळ पहिलीच उरली, तर तो मांत्रिक आरंभापासूनच समर्थ होता, असे पुढील पिढी निःशंकपणे मानील.